चाव्यांची जुनी लाकडी फ्लूट : देणाऱ्याच्या शंका, घेणाऱ्याच्या शंका

जुनी वाद्यं विकण्या-घेण्याबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रं लाकडी, धातूच्या चाव्या असलेल्या फ्लूटबद्दल आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत, फक्त गावं दिली आहेत.

भंडारा

शंका : आमचे आबाजी कामठीला नोकरीला होते. त्यांच्या पेटीत काळ्या लाकडाची, तुकड्यातुकड्यांची बासरी निघाली. सहा उघडी भोकं आहेत आणि आजूबाजूला आठ चाव्या. घरात कोणी वाजवत नाही. बासरी वाजवणारे एक जण पाहायला येणार आहेत. आम्हाला त्यातलं काहीच कळत नाही. ‘ही आपल्याकडे चालत नाही’ असं सांगून त्यांनी मातीमोल भावात नेली तर काय करायचं?

समाधान : तुमच्या वर्णनावरून ही जुन्या रचनेची फ्लूट दिसते. म्युनिकच्या थिओबाल्ड बोम यांनी १८३२ मध्ये आणि पुन्हा १८४७ मध्ये फ्लूटची रचना बदलली. आज बँडमध्ये दिसणारी धातूची फ्लूट त्यातून आली. त्याआधीच्या फ्लूटला बोटांनी झाकायची सहा भोकं आणि मधल्या सुरांसाठी थोड्या चाव्या असत. बोम यांच्यानंतरही अशा फ्लूट बराच काळ बनत राहिल्या, त्यामुळे केवळ रचनेवरून वय ठरवू नका. प्रत्येक तुकड्यावर कारागिराचा किंवा पेढीचा ठसा आहे का ते पाहा, तो जसाच्या तसा उतरवून घ्या आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा.

आता ‘आपल्याकडे चालते का’ हा प्रश्न. बासरीवर वरची तीन भोकं झाकून षड्ज धरतात. तसाच तो इथे धरला, तर या फ्लूटवर साधारणपणे पांढरी पाचचा षड्ज येतो. मग त्या चाव्या काय देतात? कोमल रिषभ, कोमल गांधार, कोमल धैवत, कोमल निषाद आणि शुद्ध मध्यम, म्हणजे बासरीवर अर्धं भोक झाकून काढावे लागणारे सूर. कोमल निषादाला सहसा दोन चाव्या असतात. उरलेल्या दोन तळाच्या चाव्यांनी मंद्र पंचमाच्या खाली, मध्यमापर्यंत उतरता येतं. मंद्रात असं खाली उतरता यावं म्हणूनच पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी बासरीला सातवं भोक जोडलं होतं. सहा भोकं उघडी असल्यामुळे त्यांच्यावर मींडही घेता येते, पण चावीवरून मींड निघत नाही. म्हणजे बासरीवादकाला ही फ्लूट निरुपयोगी नाही, फक्त हात बसायला वेळ लागतो. किंमत मात्र पत्रावरून सांगता येणार नाही. ठसा तोच असला, तरी भेगा, चाव्यांची स्थिती आणि सूर यांवर ती कितीतरी पट बदलते. गिऱ्हाईक येण्याआधी क्लॅरिनेट दुरुस्त करणाऱ्या कारागिराला त्याची फी देऊन फ्लूट दाखवा आणि ‘काय चांगलं, काय बिघडलं’ हे लिहून घ्या. जो स्वतः विकत घेणार आहे, त्याचाच अंदाज एकमेव आधार म्हणून धरू नका.

तुमसर

शंका : तोंडाकडच्या तुकड्यावर केसासारखी भेग आहे. मागच्या उन्हाळ्यात ती नव्हती, निदान मला दिसली नव्हती. मी नीट सांभाळली नाही म्हणून असं झालं का? घरचे म्हणतात, लाख भरून पॉलिश मार, कोणाला कळणार नाही. सांगितलं तर कोण घेईल, आणि लपवलं तर रात्री झोप लागणार नाही.

समाधान : ही भेग म्हणजे तुमच्या निष्काळजीपणाचा पुरावा नव्हे. या फ्लूटच्या वरच्या भागात बहुधा धातूची नळी बसवलेली असते. सूर थोडा चढवण्या-उतरवण्यासाठी ती सरकवता येते. आपल्याकडे नवतप्यात (उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक दिवसांत) लाकूड सुकून आक्रसतं, धातू मात्र आक्रसत नाही. लाकडाला जागाच उरली नाही की ते फाटतं. त्यात दिवसा कोरडी झळ आणि रात्री कूलरची ओली हवा असा फेरा सुरू असेल, तर ताण आणखी वाढतो. जगभरच्या जुन्या फ्लूटमध्ये याच जागी भेगा आढळतात आणि जाणकार घेणारा सर्वांत आधी तिथेच पाहतो.

त्यामुळे सांगितलं की गिऱ्हाईक जाईल, ही भीती मोठी आहे आणि धोका लहान. भेग वरवरची आहे की आतपर्यंत गेली आहे, ती तोंडभोकाला छेदते का, यावर सगळं ठरतं. छेदत नसेल तर दुरुस्ती सहसा चांगली होते. लाख मात्र भरू नका. धातूची नळी सैल केल्याशिवाय भेग बुजवली, तर पुढच्या उन्हाळ्यात लाकूड शेजारी फाटतं, आणि आधी भरलेली लाख काढण्यात कारागिराचा वेळ व तुमचे पैसे जातात. दुसरी गोष्ट कायद्याची : १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार दोष मुद्दाम झाकून ठेवणं ही फसवणूक ठरू शकते आणि घेणाऱ्याला व्यवहार रद्द करता येतो. तुमचं मन जे सांगत होतं, तेच व्यवहारातही सोयीचं आहे. भेगेचा जवळून फोटो काढा आणि पहिल्या बोलण्यातच तो दाखवा.

साकोली

शंका : मी घेणारा आहे. सहा वर्षं बासरी शिकतोय. जुनी आठ चाव्यांची फ्लूट बघितली, आवाज फार गोड आहे. पण मोबाइलच्या ट्यूनरवर एकही सूर जागेवर येत नाही, सगळे चढे दाखवतो. विकणारे काका म्हणतात, बासरी ठीक आहे, तुझा मोबाइल चुकतोय. मला त्यांचा अपमान करायचा नाही, पण साठवलेले पैसे वाया जातील याची भीती वाटते.

समाधान : तुम्ही दोघंही बरोबर असू शकता. आज सर्वत्र वापरली जाणारी स्वरपट्टी, म्हणजे मध्य ‘ए’ सुराला सेकंदाला ४४० कंपनं, ही १९३९ च्या लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरली. त्याआधी देशोदेशी आणि बँडोबँडी वेगळी पट्टी होती. ब्रिटिश लष्करी बँड १९२० च्या दशकाअखेरपर्यंत ४५२ च्या आसपासच्या चढ्या पट्टीत वाजवत. हा फरक जवळजवळ अर्ध्या ‘अर्ध्या-सुराचा’ आहे. म्हणजे त्या पट्टीतल्या फ्लूटचा षड्ज आजच्या पेटीच्या पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध बसेल. सगळे सूर सारख्याच प्रमाणात चढे असतील, तर फ्लूट बिघडलेली नाही, ती दुसऱ्या पट्टीची आहे. एकट्याने किंवा तंबोरा जुळवून वाजवायला ती उत्तम, पण भजनी मंडळाच्या पेटीसोबत ती बसणार नाही. वरची नळी बाहेर ओढून सूर थोडे उतरतात, पण फार ओढली की सुरांमधली अंतरंच बिघडतात.

सूर कमी-जास्त प्रमाणात चुकत असतील तर कारण वेगळं असतं. खालचं सप्तक बरोबर आणि वरचं भलतीकडे, असं असेल तर तोंडभोकापलीकडचं बूच सरकलेलं असण्याची शक्यता मोठी. ते जागेवर आणणं हे किरकोळ काम आहे. तापमानाचाही विचार करा. फुंकीच्या वाद्याचा सूर गरम हवेत चढतो आणि थंडीत उतरतो, म्हणून दुपारी अंगणात घेतलेली चाचणी गृहीत धरू नका. ज्या पेटीसोबत तुम्हाला वाजवायचं आहे ती घेऊन सकाळी घरात बसा आणि एकेक सूर पेटीशी ताडून पाहा. काकांना सोबत घ्या. दोघांच्या कानांनी एकच गोष्ट ऐकली की मोबाइलवरून वाद राहत नाही. एक खबरदारी मात्र घ्या : वर्षानुवर्षं न वाजलेल्या लाकडात ओली फुंक एकदम तासभर घालू नका. पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं पुरे, नंतर आतून मऊ सुती कापड फिरवा.

मोहाडी

शंका : खालचे सूर निघतच नाहीत, नुसती हवा जाते. एक चावी वाकली आहे. विकण्याआधी सगळी दुरुस्ती करून घ्यावी का? आमच्या ओळखीचे एक कासार आहेत, भांड्यांचं काम उत्तम करतात. ते म्हणाले, चावी तापवून दहा मिनिटांत सरळ करून देतो. आणि बासरीला जवसाचं तेल पाजावं का?

समाधान : भंडाऱ्याच्या पितळी कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे, पण ही चावी लाकडावर असताना तापवू देऊ नका. चावीखालची पोलादी स्प्रिंग तापली की तिची लवचीकता जाते, आणि ज्योतीच्या झळीने लाकूड करपतं किंवा तडकतं. तुमचे कासार नक्कीच कुशल असतील, मात्र चावी खिळीतून सोडवून, न तापवता, हळूहळू सरळ करणं हे वाद्य दुरुस्त करणाऱ्याचं काम आहे. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनची कामं करणारे कारागीर हे करतात. बँडपथकांना विचारलं, तर नागपूर भागातला कोणी ना कोणी कळेल.

खालचे सूर न निघणं ही बहुतेक वेळा गळती असते. तपासणी अशी करा : मधला तुकडा वेगळा काढा, एक टोक तळहाताने घट्ट बंद करा, सहाही भोकं झाका, चाव्या मिटलेल्या ठेवा आणि दुसऱ्या टोकाने हवा ओढा. ओढ काही क्षण टिकली तर ठीक. लगेच सुटली तर बहुधा पॅड (चावीखालची चामड्याची गादी) कडक झालेले आहेत किंवा उंदरा-किड्यांनी खाल्लेले आहेत. पॅड बदलणं आणि सांध्यांवर नवा दोरा गुंडाळणं, एवढी दुरुस्ती विकण्याआधी करून घ्यावी. वाजून दाखवता येणाऱ्या वाद्याला गिऱ्हाईक मिळतं. भेगा, नवीन चावी, लाकडाचं पुन्हा पॉलिश अशी मोठी कामं घेणाऱ्यावर सोडा, कारण ती कोणाकडून आणि कशी करायची याची त्याची निवड वेगळी असू शकते. जवसाचं तेल वाळून चिकट थर धरतं आणि पॅडना लागलं तर चाव्या चिकटतात. विकण्याच्या तोंडावर तेल पाजूच नका. तेलाने भेग काही दिवस दिसेनाशी होते आणि उगाच संशय येतो.

पवनी

शंका : सोनारांनी चाव्या पाहून सांगितलं की चांदी असू शकते, तोडून द्या, वजनाने पैसे देतो. दुसरं, बासरीच्या टोकाला पांढरं टोपण आणि पांढरी कडी आहे. शेजारी म्हणाले हस्तिदंत आहे, पोलीस पकडतील. तेव्हापासून बासरी धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवली आहे. आई रोज विचारते, काही होणार तर नाही ना?

समाधान : आधी आईंना सांगा की घाबरण्यासारखं काही घडलेलं नाही. चाव्यांचं पाहू. जुन्या फ्लूटच्या चाव्या पुष्कळदा जर्मन सिल्व्हरच्या असतात. हा तांबं, जस्त आणि निकेल यांचा मिश्रधातू आहे, नावात सिल्व्हर असलं तरी त्यात चांदी नसते. काही उंची फ्लूटच्या चाव्या खऱ्या चांदीच्या असतात. पण त्या असल्या, तरी वजन थोडंच भरतं आणि चाव्या तोडलेली फ्लूट वाजवणाऱ्याला नको असते. तेव्हा दोन्ही बाबतींत तोडणं तोट्याचंच.

आता पांढऱ्या भागाबद्दल. तो हाडाचा असू शकतो, सेल्युलॉइडचा (जुन्या प्रकारचं प्लास्टिक) असू शकतो किंवा हस्तिदंताचा. हाडावर बारीक काळसर ठिपके-खाचा दिसतात, सेल्युलॉइड एकसारखं गुळगुळीत असतं, आणि हस्तिदंताच्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या पुसट वक्र रेषा असतात. तापलेली सुई टोचून पाहण्याचा प्रयोग करू नका, सेल्युलॉइड झटकन पेट घेतं. तो हस्तिदंत असेल, तर मात्र कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन भारतीय हत्तीच्या दाताचा व्यापार बंद झाला आणि १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकी हस्तिदंताचाही. वस्तू जुनी आहे, वारशाने आली आहे, म्हणून ती विकण्याची मोकळीक मिळत नाही. म्हणून खात्री होईपर्यंत विक्री थांबवा, टोपण फेकू नका, कोणाला देऊही नका. वकिलाचा सल्ला घ्या आणि त्यांच्यामार्फत भंडाऱ्याच्या वन विभागाच्या कार्यालयात लेखी विचारणा करा. ही बाब घरच्या अंदाजावर सोडण्याची नाही. आणि बासरी कोठीमागून काढून कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा. तिथे उंदीर आणि ओल यांचा धोका अधिक आहे.

लाखनी

शंका : ही बासरी वाजवणारे माझे सासरे क्षयाने गेले, त्याला तीसेक वर्षं झाली. तेव्हापासून ती डब्यात बंद आहे. आता एक तरुण मुलगा विकत मागतोय. ओठ लावायची वस्तू आहे. त्याला काही झालं तर ते पाप माझ्या माथी येईल.

समाधान : ताई, तुमची काळजी मनापासूनची आहे, पण या भीतीला आधार नाही. क्षयरोगाचे जंतू रुग्ण खोकतो, बोलतो तेव्हा हवेतून पसरतात. भांडी, कपडे, वस्तू यांना स्पर्श केल्याने तो रोग होत नाही. त्यात तीस वर्षं बंद असलेल्या कोरड्या लाकडातून तो होण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी दखल घ्यायची ती बुरशीची. बंद डब्यातल्या वाद्यात बुरशी धरते आणि ती श्वासातून गेल्याने काहींना फुप्फुसांचा त्रास होतो. न धुतलेल्या बॅगपाइपमुळे एका वादकाला असा जीवघेणा आजार झाल्याची नोंद इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केली होती. म्हणून आत पांढरट-हिरवट थर किंवा कुबट वास असेल, तर कोणालाही वाजवून पाहायला देऊ नका. पाण्यात बुडवू नका, उन्हातही ठेवू नका, लाकूड फाटेल. साफसफाई कारागिराकडूनच करून घ्या, जुने पॅड काढून टाकायला सांगा आणि मुलाला हे सगळं स्पष्ट सांगा. त्याला आधीपासून दमा असेल तर त्याने डॉक्टरांना विचारून ठरवावं. आणि बासरीचा काही संबंध नसला, तरी घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी मोफत होते, ती करून घ्यावी.

तिरोडा (गोंदिया)

शंका : आमच्या फ्लूटला पुण्यातल्या एकाकडून आणि कॅनडातल्या भाच्याच्या मित्राकडून मागणी आहे. परदेशी गिऱ्हाईक जास्त देतो म्हणतो. कुरिअरने पाठवली की झालं, असं भाचा सांगतो. मला उगाच धाकधूक वाटते.

समाधान : तुमची धाकधूक रास्त आहे. देशातल्या देशात पाठवणं सोपं आहे : तुकडे वेगळे करा, प्रत्येक कापडात गुंडाळा, चाव्यांवर दाब येऊ देऊ नका, विमा उतरवा. देशाबाहेरचं तसं नाही. १९७२ चा पुरावशेष व कलासंपदा कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागू होऊ शकतो आणि अशा वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाहीत. तुमची फ्लूट त्यात मोडते की नाही हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण ठरवतं. त्यांचं मंडळ कार्यालय नागपूरला आहे. शिवाय काळं लाकूड शिसमाच्या कुळातलं असू शकतं आणि त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियम आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये बरीच सूट मिळाली, तरी सीमाशुल्क विभागाकडून खात्री करून घ्यावी. हे सगळे कागद होईपर्यंत पुण्याचं गिऱ्हाईक थांबेल का, याचाही विचार करा. थोडी कमी किंमत आली, तरी तो व्यवहार सरळ आहे.

लाखांदूर

शंका : वडिलांची फ्लूट विकायला काढली. दिवाळीनंतर मंडईचे (गावोगावच्या जत्रांचे) दिवस सुरू होतील, झाडीपट्टीतल्या नाटकांत वाजवणारा एक जण त्याआधी द्या म्हणतो. भाव ठरला आहे. पण मोठा भाऊ आता म्हणतो, मला का विचारलं नाही. गिऱ्हाईक म्हणतो, आठ दिवस वाजवून बघतो, मग पैसे. आणि कोणीतरी फोनवर क्यूआर पाठवून ‘स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणतंय. काय खरं, काय खोटं?

समाधान : तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली भावाची. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यांच्या वस्तूंवर सगळ्या वारसांचा हक्क असतो, आईचा आणि बहिणींचाही. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याला विकण्याचा हक्क आहे, हे प्रत्येक विक्रीत गृहीत असतं. म्हणून आधी सर्वांना बसवा, ‘विकायला हरकत नाही’ असं साध्या कागदावर लिहून सह्या घ्या. भाऊ ऐकत नसेल तर वकिलांना भेटा, तोवर गिऱ्हाईकाला शब्द देऊ नका. भावालाच ठरलेल्या भावात हवी असेल, तर तोही मार्ग खुला ठेवा.

दुसरी आठ दिवसांची. मागणी गैर नाही, जुनं लाकडी वाद्य एका बैठकीत कळत नाही. फक्त ते मोघम ठेवू नका. निम्मी रक्कम अनामत घ्या, आणि तारीख, फ्लूटचं वर्णन, ठसा, चाव्यांची संख्या, माहीत असलेले सगळे दोष, परत करण्याची मुदत आणि काही मोडल्यास कोण भरून देईल, हे दोन प्रतींत लिहून दोघांच्या सह्या करा. दोष सांगितलेले आणि लिहिलेले असले, की पुढे ‘आधी बोलला नाहीत’ म्हणायला जागा राहत नाही.

तिसरी क्यूआरची. ही फसवणूक आहे. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन पैसे देताना लागतो. तो नंबर बंद करा. चुकून पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा, जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता अधिक. राहिला मंडईचा मुहूर्त : नवीन हाताला जुनी फ्लूट बसायला आणि लाकडाला रोजची फुंक सवयीची व्हायला काही आठवडे लागतात. तेव्हा द्यायचीच ठरली, तर सह्यांचं काम या आठवड्यात उरकून घ्या. वादकाला सरावाला वेळ मिळेल.